आत्याच्या कपाटातील बाटली : नाजूक सुगंध माणसाचा स्वभाव सांगतो का?

ओंजळ

नमस्कार. गेल्या महिन्यात आत्याचे सदाशिव पेठेतील घर आवरण्याचे काम माझ्याकडे आले. आत्या गेल्या वर्षी, वयाच्या ८१व्या वर्षी गेली. पेठेतीलच एका शाळेत तिने चौतीस वर्षे गणित शिकवले. ती अविवाहित होती आणि तिच्याविषयी 'कडक' याखेरीज दुसरे विशेषण मी कोणाच्याही तोंडून ऐकलेले नाही. भूमितीची सिद्धता लिहिताना 'पक्ष' आणि 'साध्य' या शब्दांखाली रेघ मारली नाही तर ती अर्धा गुण कापत असे, मग ती मुलगी सख्खी भाची का असेना. (मी होते.)

लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्यात पासबुके आणि शिधापत्रिका होती, घडी घातलेले सोळा पांढरे सुती रुमाल होते आणि त्या सगळ्यामागे काचेची एक बाटली होती. तिच्या एका अंगाला लेबल, त्यावर रोमन लिपीत 'दिओरिसिमो' हे नाव. दुसऱ्या अंगाला कसल्यातरी चिकटवलेल्या कागदाचा पिवळा पडलेला पट्टा. तळाशी बोटभर द्रव उरला आहे आणि त्याचा रंग कोऱ्या चहासारखा झाला आहे. झाकण फडक्यात धरून पिळले तेव्हा कुठे निघाले.

पहिला दर्प नखांच्या रंगासारखा होता, त्यामुळे मी बाटली टाकूनच देणार होते. पण मनगटावर लागलेला थेंब दहा मिनिटांनी बदलला. पावसाची सर येऊन गेल्यावर भल्या पहाटे कुंपणावरच्या जुईपाशी उभे राहावे, तसा पांढरा, गार, ओलसर आणि थोडा हिरव्या देठाचा वास येऊ लागला. डोळे मिटले तर समोर बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी उभी राहिली, जी हळू बोलते, हसताना तोंडावर हात धरते आणि दारातून जाताना दुसऱ्याला आधी जाऊ देते. ती माझी आत्या नव्हती. आत्या दारातून आधी जायची आणि मागून येणाऱ्याला दार लावून घ्यायला सांगायची.

तेव्हा विचारायचे ते असे, की सुगंध लावणाऱ्याचा स्वभाव सांगतो, की त्याला हवाहवासा वाटणारा स्वभाव सांगतो, की हे सारे आपल्याच मनाचे खेळ असतात? आणि या विशिष्ट सुगंधाविषयी कोणाला काही माहिती आहे का?

बाजीराव_रस्ता

गणिताच्या बाईंच्या कपाटात फ्रेंच सुगंध सापडला, हे पक्ष. त्यामागे काहीतरी गोष्ट आहे, हे साध्य. सिद्धता वाचायला चहा घेऊन बसलो आहे.

रसायनी

मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होतो आणि सुगंधी द्रव्ये हा माझा जुना छंद आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. पहिल्याच्या वाटेला मी जाणार नाही.

दिओरिसिमो हा सुगंध १९५६ सालचा. क्रिस्टियान दिओर या वस्त्रकाराच्या पेढीसाठी एदमाँ रूदनित्स्का यांनी तो रचला. त्याचा विषय एकच फूल आहे, ते म्हणजे लिली ऑफ द व्हॅली. नावात लिली असली तरी आपल्याकडे हारात दिसणाऱ्या लिलीशी त्याचा संबंध नाही. ते थंड प्रदेशातले, वीतभर उंचीचे रोप असून त्याला मण्यांएवढ्या पांढऱ्या घंटा लागतात. दिओर यांचे हे आवडते फूल होते आणि शुभशकुन म्हणून ते त्याची डहाळी पोशाखाच्या अस्तरात शिवून घेत, असे सांगतात.

खरी गंमत पुढे आहे. या फुलापासून व्यवहारात वापरता येईल असे तेल निघतच नाही. गुलाब उकळून त्याचे तेल काढता येते, मोगऱ्याचा अर्क द्रावकाने काढता येतो, पण हे फूल काही केल्या आपला वास सोडत नाही. फ्रेंच सुगंधकार अशा फुलांना 'मुकी फुले' म्हणतात. म्हणून रूदनित्स्का यांनी फ्रान्समध्ये सुगंधांसाठी प्रसिद्ध असलेल्या ग्रास गावाजवळ काब्री येथे आपल्या बागेत ही रोपे लावली, ती वारंवार हुंगली आणि मग दुसऱ्याच पदार्थांमधून तो वास पुन्हा उभा केला. या प्रकारच्या सुगंधांचा पूर्वापार आधार म्हणजे हायड्रॉक्सिसिट्रोनेलाल. ते ज्या सिट्रोनेलालपासून बनवता येते, तो सिट्रोनेला गवताच्या तेलातला पदार्थ आहे. आपण डास पळवायला वापरतो तेच तेल. म्हणजे ओंजळताईंना जी लाजाळू मुलगी दिसली, तिच्या अंगी फुलाचा एकही थेंब नसणार, पण डासांच्या तेलाशी तिचे दूरचे नाते असू शकते.

आता दर्पाविषयी. जुन्या बाटलीत वर उडणारे हलके घटक आधी बिघडतात आणि जड घटक तग धरतात. म्हणून पहिली दहा मिनिटे सोसायची असतात.

गजरेवालीची_नात

रसायनीकाकांच्या माहितीबद्दल आभार, पण ओंजळताईंच्या वर्णनातल्या एका गोष्टीला माझी हरकत आहे. नाजूक वास म्हटला की हळू बोलणारी आणि सगळ्यांना आधी जाऊ देणारी मुलगीच का दिसावी?

माझी आजी मंडईबाहेर गजरे विकायची. दुपारी तीनच्या सुमारास कळ्यांची पाटी ओल्या फडक्याखाली झाकून ती बसे आणि केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात गजरे ओवी. कळी मिटलेली असतानाच गुंफावी लागते, कारण ती संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या केसांत उमलायची असते. मोगऱ्याची कळी हाताळणी सोसते. जुईची सोसत नाही. बोटाची ऊब जास्त लागली तरी ती तपकिरी पडते. त्यामुळे जुईचे गजरे आजी स्वतःच करायची, आम्हा नातींना त्याला हात लावू देत नसे. उरलेला मोगरा दुसऱ्या दिवशी देवाच्या हारात घालता येई, पण उरलेली जुई म्हणजे निव्वळ नुकसान.

गिऱ्हाइकांविषयी आजीची मते ठाम होती. तिच्या मते मोगरा मागणारी बाई भाव पाडून घेई आणि हसत जाई. जुई मागणारी घासाघीस करत नसे, पण गजरा उलगडून, उलटा करून, एकेक कळी पाहून घेई आणि एखादी डागाळलेली दिसली तर काही न बोलता परत ठेवून निघून जाई. आजीला भीती वाटे ती या बायकांची. नाजूक वस्तू निवडणारे माणूस स्वतः नाजूक नसते, ते चोखंदळ असते, असा माझा अनुभव आहे. ओंजळताई, तुमच्या आत्यांनी जुई कशी पारखली असती, याचा विचार करून पाहा.

हिरवा_चाफा

आमच्या कार्यालयाच्या उद्वाहनात एक गृहस्थ रोज सकाळी इतके अत्तर लावून येतात, की ते चौथ्या मजल्यावर उतरले तरी सातव्या मजल्यापर्यंत तेच सोबत असतात. स्वभावाने मात्र ते इतके भिडस्त आहेत, की चौथ्या मजल्याचे बटण दाबायलाही दुसऱ्याला सांगतात. या एकाच उदाहरणावर तुमचा सिद्धांत टिकतो की पडतो, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

नाकपुडी

मला या चर्चेचा पायाच मान्य नाही. सुगंधावरून स्वभाव सांगणे आणि राशीवरून स्वभाव सांगणे यांत मला फरक दिसत नाही. 'नाजूक', 'लाजाळू', 'अल्लड' ही विशेषणे जाहिरातदारांनी बाटल्यांना चिकटवली आणि ती आपण बाटलीवरून उचलून माणसांना चिकटवतो. लिली ऑफ द व्हॅली हुंगून ओंजळताईंना जुई आठवली, कारण पुण्यात वाढलेल्या माणसाच्या नाकाला तोच जवळचा पत्ता आहे. फ्रान्समधल्या माणसाला दुसरेच काही आठवेल.

शिवाय आपण सगळे एकच वास घेतो, हे तरी कशावरून? बीटा-आयनोन नावाचा एक पदार्थ आहे, व्हायोलेट फुलाच्या वासाचा. तो काहींना फुलासारखा गोड लागतो, तर काहींना आंबट आणि उग्र. हा फरक मुख्यतः ओआर५ए१ या एका जनुकामुळे पडतो, असे संशोधनातून दिसले आहे. दोघे जण एकच बाटली हुंगून दोन वेगळे पदार्थ अनुभवत असतील, तर त्या बाटलीतून निघणाऱ्या 'व्यक्तिमत्त्वा'ला काय अर्थ राहिला? आजींच्या निरीक्षणाविषयी आदर आहे, पण ते गिऱ्हाइकांचे निरीक्षण आहे, वासाचे नाही.

बाजीराव_रस्ता

नाकपुडी हे नाव घेऊन नाकावरच अविश्वास दाखवणे म्हणजे नाकाने कांदे सोलण्याची परिसीमा झाली.

बोहरीआळी_नेहमीचा

रविवार पेठेत बोहरी आळीच्या परिसरात गेली तीस वर्षे मी एकाच दुकानातून अत्तर घेतो. तिथले वयस्क दुकानदार गिऱ्हाईक आत आले की 'काय हवे' असे विचारत नाहीत. ते आधी ऋतू पाहतात. उन्हाळ्यात वाळा किंवा मोतिया, पावसाळ्यात मातीचे अत्तर, थंडीत हिना. मग हात पुढे करायला सांगतात, काचेच्या काडीने मनगटाच्या आतल्या बाजूला रेघ ओढतात आणि म्हणतात, 'दुकानाबाहेर जाऊन या.' पाच मिनिटे बाहेर उभे राहायचे, रहदारीचा धूर खायचा आणि मग पुन्हा हुंगायचे. जे त्या धुरातही टिकेल ते घ्यायचे.

एकदा मी त्यांना विचारले होते, की सगळ्यांत नाजूक अत्तर कोणते. त्यांनी उत्तर देण्याऐवजी कनौजची पद्धत सांगितली. तांब्याच्या 'देग'मध्ये फुले आणि पाणी घालतात, झाकण मातीने लिंपून बंद करतात, बांबूच्या नळीतून वाफ 'भपका' नावाच्या दुसऱ्या भांड्यात नेतात आणि त्या भांड्यात आधीपासून चंदनाचे तेल असते. फुलाचा जीव त्या तेलात उतरतो. रोज नवी फुले घालून हेच पुन्हा पुन्हा करायचे. म्हणजे मोतियाचे अत्तर आपण नाजूक म्हणतो, तेव्हा त्याच्याखाली चंदनाचा भक्कम चौथरा असतो. तो नसेल तर फूल तासाभरात उडून जाईल. (हल्ली चंदन परवडत नाही म्हणून पुष्कळदा दुसरेच तेल वापरतात आणि तो फरक दुसऱ्या तासाला कळतो.)

नाकपुडी यांचे म्हणणे मला अर्धे पटते. अत्तर माणसाचा स्वभाव सांगत नसेल, पण माणूस अत्तर कसे लावतो यावरून तो नक्की कळतो. अत्तरात भिजवलेला कापसाचा फाया कानात खोलवर ठेवणारा निराळा आणि बाहेर दिसेल असा ठेवणारा निराळा.

देशांतर

मूळची कोथरूडची, आता बारा वर्षे फ्रान्समध्ये लिआँ शहरात राहते. हे फूल मी दरवर्षी पाहते, म्हणून लिहिते.

इथे १ मे रोजी एकमेकांना या फुलाची डहाळी देण्याची प्रथा आहे आणि त्या दिवशी कोणीही रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन ती विकू शकते. आपल्याकडे दसऱ्याला जसे आपट्याच्या पानांचे ढीग लागतात, तसे इथे कोपऱ्याकोपऱ्यावर दिसते. पहिल्या वर्षी शेजारच्या आजींनी मला एक डहाळी दिली, तेव्हा एवढ्याशा फुलाला एवढा वास पाहून मी थक्क झाले होते. फूल पानांच्या आड खाली मान घालून असते. वाकल्याशिवाय दिसत नाही, पण वास मात्र तुम्ही वाकण्याआधीच येऊन पोहोचलेला असतो.

त्याच आजींनी लगेच बजावले, की घरात लहान मूल आहे, तर फुलदाणीतले पाणीसुद्धा त्याच्या हाताशी ठेवू नकोस. हे झाड पानाफुलांपासून मुळांपर्यंत विषारी आहे. आपल्या कण्हेरीत असतात तशीच, हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये त्यात असतात. म्हणजे लाजून खाली पाहणारी ती मुलगी तुम्हाला वाटते तेवढी निरुपद्रवी नाही.

आणखी एक. या वासासाठी पुष्कळ वर्षे लिलिअल नावाचा कृत्रिम पदार्थ सर्रास वापरला जात होता. प्रजननक्षमतेवर परिणाम होण्याच्या शक्यतेमुळे युरोपीय संघाने १ मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत त्याच्यावर बंदी घातली. त्यामुळे ज्या ज्या सुगंधांत तो होता, ते नव्याने बांधावे लागले. ओंजळताई, तुमच्या बोटभर द्रवाची किंमत त्या दृष्टीनेही आहे. शक्यतो अंधारात आणि गार जागी ठेवा.

बाजीराव_रस्ता

दिसायला मवाळ, वाकल्याशिवाय दर्शन नाही आणि चुकीच्या जागी हात लावला तर हृदयक्रिया बंद. गणिताच्या शिक्षिकेसाठी याहून योग्य फूल सापडणार नाही. मी माझ्या सातवीच्या बाईंना स्मरून हे लिहीत आहे.

रसायनी

नाकपुडी यांनी आयनोनचा विषय काढला ते बरे झाले. व्हायोलेटचे फूल हुंगले की वास येतो, लगेच नाहीसा होतो आणि थोड्या वेळाने पुन्हा येतो. फूल वास सोडायचे थांबत नसते. आयनोनमुळे आपल्या नाकातली वास ओळखणारी ग्राहके थकतात आणि विसावा घेऊन पुन्हा जागी होतात. म्हणून युरोपात या फुलाला 'लाजाळू' म्हणायची रीत पडली असावी, असा माझा अंदाज आहे. म्हणजे दोष नाकाचा आणि नाव मात्र फुलाचे झाले. हे आयनोन १८९३ साली टीमान आणि क्र्यूगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी प्रथम तयार केले, आणि त्यासाठी लागणारे सिट्राल आपल्या गवती चहाच्या तेलात भरपूर असते. लाजाळू फुलाचा वास शेवटी चहात टाकायच्या गवतातून निघाला.

गजरेवालीच्या नातीने कळ्यांविषयी लिहिले आहे, त्याला शास्त्राचा आधार आहे. चमेली, मोगरा यांसारखी फुले खुडल्यानंतरही काही तास वास निर्माण करत राहतात. म्हणूनच ग्रासमध्ये पूर्वी काचेवर चरबीचा थर देऊन त्यावर ही फुले पसरून ठेवत, म्हणजे रात्रभरात निघालेला वास चरबीत मुरे. गुलाबाला याची गरज नव्हती. तो खुडला की लगेच उकळावा लागतो. तुमच्या आजी गिऱ्हाइकाच्या केसांत जे घडवून आणत होत्या, तेच तिकडे काचेवर होत होते.

नाकपुडी

हे सगळे वाचून आनंद झाला, पण रसायनी, आपण नकळत माझीच बाजू मांडलीत. 'लाजाळूपणा' नाकातल्या ग्राहकांच्या थकव्यातून आला असेल, तर व्यक्तिमत्त्व फुलात नाही, बाटलीत नाही, ते फक्त हुंगणाऱ्यात आहे.

हिरवा_चाफा

थोडे अवांतर होईल, पण मोगऱ्याला 'नाजूक' म्हणणे थांबवावे, असे मला वाटते. त्यात इंडोल नावाचा पदार्थ असतो आणि तो विष्ठेतही असतो. थोड्या प्रमाणात तो फुलाला भरदारपणा आणतो, जास्त झाला की डांबराच्या गोळ्यांसारखा वाटतो. बंद मोटारीत रात्रभर राहिलेला मोगऱ्याचा गजरा ज्याने सकाळी हुंगला आहे, त्याला पुरावा लागणार नाही. मोगरा हा भर मांडवात खुर्ची पुढे ओढून बसणारा पाहुणा आहे. नाजूक म्हणायचे तर जुई म्हणा, किंवा पारिजातक म्हणा, जो उजाडायच्या आत आपणहून खाली उतरतो.

गजरेवालीची_नात

आणि लग्नाच्या स्टेजवर लावतात ती गुलछडी? तीही दिसायला सडपातळ, पण चार काड्या ठेवल्या तर रात्री खोलीत झोपवत नाही. आजी तिला 'सोज्वळ दिसणारी भांडकुदळ' म्हणायची. मूळची मेक्सिकोची आहे म्हणतात, पण मार्केट यार्डात तिचा थाट अस्सल पुणेरी असतो.

बोहरीआळी_नेहमीचा

ओंजळताई, आपण गप्प का? आपल्या आत्यांच्या समवयस्क कोणी असतील तर त्यांना विचारून पाहावे. आपण सगळे इथे बाटलीशी बोलत बसलो आहोत, त्या बाईंना ओळखणारे कोणीतरी असेल.

ओंजळ

क्षमस्व, आठवडाभर येता आले नाही. बोहरीआळी यांनी सुचवले तेच करत होते. आत्याच्या शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या एक बाई आता सहकारनगरला मुलाकडे असतात. वय ८४, ऐकू कमी येते, पण स्मरण लख्ख आहे. बाटली पर्समध्ये घालून त्यांच्याकडे गेले. बाटली पाहताच त्या इतक्या हसल्या की त्यांची सून स्वयंपाकघरातून बाहेर आली.

त्यांनी सांगितले ते असे. शिक्षिकांची खोली रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेला लागून होती आणि मधल्या भिंतीला वरच्या बाजूला झडप होती. मंगळवारी आणि शुक्रवारी प्रात्यक्षिके असत. त्या दिवशी किपच्या उपकरणातून जो वायू सोडत, त्याचा सडक्या अंड्यांसारखा वास खोलीत भरून राही. आत्या त्या दोन दिवशी घरूनच रुमालावर दोन थेंब टाकून आणत असे आणि वह्या तपासताना तो रुमाल डाव्या हातात नाकाजवळ धरत असे. बाकीच्या शिक्षिका पदर लावत. 'तिने कधी अंगाला लावलेले मी पाहिले नाही,' असे बाई म्हणाल्या.

बाटली १९७४ सालची. एका विद्यार्थिनीचे वडील जहाजावर होते, त्यांनी ती मुलीच्या निकालानंतर भेट म्हणून आणली. आत्याने भेट घेण्यास नकार दिला. गृहस्थ नाराज झाले, तेव्हा तिने किंमत विचारली, पुढच्या पगारात पैसे दिले आणि त्याची पावती मागून घेतली. ती पावती मला काल पासबुकात सापडली.

म्हणजे बावीस वर्षांची लाजाळू मुलगी नव्हती. हायड्रोजन सल्फाइड होता.

रसायनी

मी हा प्रतिसाद वाचून खुर्चीवरून उठून घरात फेऱ्या मारल्या. फेरस सल्फाइड आणि विरल सल्फ्यूरिक आम्ल! आयुष्यभर मी तो वायू विद्यार्थ्यांना हुंगायला लावला आणि शेजारच्या खोलीत बसलेल्यांचा विचार एकदाही केला नाही. या वायूचा वास हवेत अत्यल्प प्रमाणात असला तरी नाकाला कळतो, आणि प्रमाण फार वाढले की नाक बधिर होऊन तो कळेनासा होतो. धोका असतो तो तिथेच. आपल्या आत्यांना वास येत होता, याचा अर्थ नाक शाबूत होते. सर्व रसायन शिक्षकांच्या वतीने मी त्यांची क्षमा मागतो.

नाकपुडी

मला विजयोत्सव करायचा नाही, पण नोंद घ्यावी. एका नाजूक पुष्पसुगंधाचा उपयोग, तीस-एक वर्षे, एका दुर्गंधीवरचा उपाय म्हणून झाला. स्वभावाचा संबंध शून्य.

गजरेवालीची_नात

शून्य कसा? सडक्या अंड्यांच्या वासावर उपाय हवा होता, तर निलगिरीचे तेल होते, कापूर होता, चार आण्यांची अत्तराची कुपी होती. शिवाय बाटली आयती चालून आली होती, ती फुकट घेता आली असती. आत्यांनी पगारातून पैसे मोजून ठेवून घेतली, आणि तीही पावतीसकट. आजी असती तर म्हणाली असती, ही जुईची गिऱ्हाईक.

देशांतर

एक शंका आहे. तो वायू निवृत्तीपर्यंत सोडत होते का? कारण बाटली इतकी खाली गेली आहे.

ओंजळ

देशांतर यांच्या शंकेमुळे मी आज पुन्हा सहकारनगरला दूरध्वनी केला. १९८६च्या सुट्टीत प्रयोगशाळा नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर गेली आणि त्यानंतर शिक्षिकांच्या खोलीत कधीच वास आला नाही. बाईंना मी विचारले, मग रुमाल? त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, 'रुमाल असायचा. मंगळवारी आणि शुक्रवारीच असायचा. मी कधी विचारले नाही.'

मग मी बाटली खिडकीपाशी नेऊन नीट पाहिली. मागचा पिवळा पट्टा लेबलाचा तुकडा नाही. तो आलेखाच्या कागदाचा कापलेला पट्टा आहे. त्यावर टोकदार पेन्सिलीने आडव्या रेघा मारल्या आहेत आणि प्रत्येक रेघेशेजारी मुंगीएवढ्या अक्षरांत 'जून ७४', 'जून ७५' असे लिहिले आहे. पट्टीने मोजले. वरून खालपर्यंत अंतर जवळजवळ सारखे आहे. १९८६च्या आधी आणि नंतर काहीही फरक नाही. शेवटची रेघ 'एप्रिल ०१' अशी आहे, ज्या महिन्यात ती निवृत्त झाली, आणि द्रव आज त्या रेघेच्या किंचित खाली आहे.

रसायनी

मद्यार्काचे थेंब पाण्याच्या थेंबांहून लहान पडतात. एका मिलिलिटरमध्ये ढोबळमानाने ५० थेंब धरू. आठवड्यातून दोनदा, दर वेळी दोन थेंब आणि शाळेचे ३५ आठवडे धरले तर वर्षाला १४० थेंब, म्हणजे तीन मिलिलिटरहून थोडे कमी. सत्तावीस वर्षांत सुमारे ७६ मिलिलिटर. बाटली शंभरच्या आसपासची असेल तर बोटभर उरायलाच हवे. निवृत्तीपर्यंत पुरेल, हा हिशेब आत्यांनी पहिल्याच दिवशी केला असावा, अशी माझी खात्री आहे.

नाकपुडी

मी माझे 'शून्य' मागे घेतो. किती ठेवावे ते मात्र ठरवता येत नाही.

बाजीराव_रस्ता

रेघा मारलेल्या आहेत, त्यामुळे अर्धा गुणसुद्धा कापता येणार नाही.

ओंजळ

सर्वांचे आभार. बाटली देशांतर यांच्या सांगण्यावरून फडक्यात गुंडाळून अंधाऱ्या कप्प्यात ठेवली आहे. सोळा रुमालांपैकी सहा-सात रुमालांच्या कोपऱ्यावर फिकट पिवळे डाग आहेत. ते गरम पाण्याने जातील का, हे कोणाला माहीत असल्यास सांगावे.

गजरेवालीची_नात

जातील. पण इतक्यात धुऊ नका.